गुंतवणूकदारांना आवरलं आणि भाडं गोठवलं, तर शहरात घर परवडेल का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर कशाचं देतोय ते स्पष्ट राहील. तुम्ही कुटुंबासह बरीच वर्षं पुण्यात भाड्यानं राहता. दर अकरा महिन्यांनी नवा करार, दर वेळी भाडेवाढ, आणि आता मालक फ्लॅट विकायला काढतोय. तुमच्या इमारतीतले निम्मे फ्लॅट गुंतवणूक म्हणून घेतलेले आहेत आणि त्यातले कितीतरी वर्षानुवर्षं बंद आहेत. म्हणून तुम्ही विचारता, की गुंतवणूकदारांना आळा घातला आणि सरकारनं भाड्यावर मर्यादा आणली, तर सामान्य नोकरदाराला शहरात घर परवडेल का? तुमच्या मित्राचं म्हणणं नेमकं उलट आहे: भाडेकरूंना हक्क दिले म्हणूनच मुंबईतली भाड्याची घरं संपली, तेव्हा हक्कांची मागणीच चुकीची.

मी वकील आहे. मुंबई, ठाणे आणि पुणे इथली भाड्याच्या घरांची प्रकरणं बरीच वर्षं हाताळतो. माझ्याकडे मालकही येतात आणि भाडेकरूही, त्यामुळे दोघांची भीती मला जवळून माहीत आहे. माझं मत सुरुवातीलाच सांगतो. भाडेकरूच्या हक्कांमध्ये दोन वेगळ्या गोष्टी एकत्र मोजल्या जातात: कमी भाड्याचा हक्क आणि टिकून राहण्याचा हक्क. पहिला हक्क ताणला की भाड्याची घरं आटतात, याला मुंबई साक्षीदार आहे. दुसरा हक्क मात्र आपण जवळजवळ कुणालाच देत नाही, आणि तो नसल्यामुळेच माणसं ऐपत नसताना घर विकत घ्यायला धावतात. गुंतवणूकदाराला त्या धावाधावीचाच फायदा होतो.

आता हे आकड्यांत पाहू. समजा एक कोटीचा फ्लॅट आहे आणि त्याला महिना २५,००० रुपये भाडं येतं. हे गृहीत धरलेलं उदाहरण आहे, पण आपल्या मोठ्या शहरांत घराच्या किमतीच्या साधारण दोन ते चार टक्केच वर्षाचं भाडं येतं, त्यामुळे फार चुकीचं नाही. वर्षाचे झाले तीन लाख. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स, मिळकतकर, दोन भाडेकरूंच्या मधला रिकामा महिना, ब्रोकर, रंगरंगोटी वजा करा. मालकाच्या हातात दोन-सव्वादोन लाख उरतात, म्हणजे एक कोटीवर जेमतेम दोन टक्के. बँकेतली मुदत ठेव याहून जास्त देते.

तेच घर तुम्ही ८० लाखांचं कर्ज काढून घेतलंत, तर साडेआठ टक्के व्याजानं वीस वर्षांसाठी महिन्याचा हप्ता सुमारे ६९,४०० रुपये येतो, आणि वरचे वीस लाख आधी उभे करावे लागतात. एकाच छपराखाली राहायला भाडेकरूला २५,००० आणि कर्जदाराला जवळपास ७०,००० लागतात. म्हणजे राहण्याची किंमत आणि मालकीची किंमत या दोन पार वेगळ्या गोष्टी झाल्या आहेत. मालकीच्या किमतीत पुढच्या भाववाढीची अपेक्षा भरलेली आहे. गुंतवणूकदार भाड्यासाठी घर घेतच नाही. तो भाव वाढेल म्हणून घेतो, आणि मिळालं तर भाडं ही वरकमाई.

इथे तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर सुरू होतं. गुंतवणूकदार भाव वाढवतात का? वाढवतात, पण सगळे सारखे नाहीत. बांधकाम सुरू असताना बुकिंग करायचं आणि ताबा मिळायच्या आत विकून मोकळं व्हायचं, हा एक प्रकार. इमारत पूर्ण होण्यात या माणसाच्या पैशाचा वाटा असतो हे खरं. बिल्डर सुरुवातीला त्याला सवलतीचा भाव देतो तो यासाठीच. रेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणारा कायदा, आल्यावर, म्हणजे मे २०१७ नंतर, नोंदणी न करता बुकिंग घेणं बेकायदा झालं आणि ग्राहकांचे ७० टक्के पैसे त्या प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवणं बंधनकारक झालं, त्यामुळे या खेळाला थोडा लगाम बसला. दुसरा प्रकार घर घेऊन भाड्यानं देणाऱ्यांचा. यात निवृत्तीच्या पैशातून फ्लॅट घेतलेले शिक्षक आहेत, परदेशात नोकरी करणारे आहेत, आणि दहा-दहा फ्लॅट बाळगणारेही आहेत. तिसरा प्रकार घर घेऊन कुलूप लावणाऱ्यांचा.

शहराच्या दृष्टीनं दुसऱ्या आणि तिसऱ्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. भाड्यानं देणारा गुंतवणूकदार विकाऊ घरांतलं एक घर कमी करतो आणि भाड्याच्या घरांत एक वाढवतो. ज्याला ते विकत घ्यायचं होतं त्याचं नुकसान होतं, ज्याला भाड्यानं हवं होतं त्याचा फायदा. एकूण कुटुंबं आणि एकूण घरं तेवढीच राहतात. कुलूप लावणारा मात्र एक घर दोन्हीकडून काढून घेतो.

हे प्रमाण किरकोळ नाही. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात सुमारे १ कोटी ११ लाख घरं रिकामी आढळली. त्यातली जवळपास ४ लाख ८० हजार एकट्या मुंबईत होती, देशातल्या कुठल्याही शहरापेक्षा जास्त. शहरांत भाड्यानं राहणाऱ्या कुटुंबांचं प्रमाण १९६१ मध्ये ५४ टक्के होतं, ते २०११ मध्ये २८ टक्क्यांवर आलं. हे आकडे २०१७-१८ च्या केंद्रीय आर्थिक पाहणी अहवालातही आले आणि तिथेही बोट भाडे कायद्याकडे आणि करार न पाळले जाण्याकडेच दाखवलं गेलं. आकडे जुने आहेत, पण मालकांच्या तोंडून मी जे ऐकतो त्याची दिशा आजही तीच आहे.

दोन टक्के का होईना, पण हातात येणारे पैसे माणूस का सोडेल? माझ्यासमोर बसलेला मालक हिशेब असा मांडतो: वर्षाला दोन लाख मिळतील, पण भाडेकरू निघाला नाही तर एक कोटी अडकतील. मी त्याला आजचा कायदा समजावतो. तो ऐकून घेतो आणि आपल्या काकांची गोष्ट सांगतो. आणि काकांची गोष्ट खरी असते.

ती समजण्यासाठी थोडं मागे जावं लागेल. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यानं प्रमाणभूत भाडं, म्हणजे मालकाला घेता येणारं कमाल भाडं, १ सप्टेंबर १९४० च्या भाड्याला बांधलं. त्या दिवशी जागा भाड्यानं नसेल, तर नंतर पहिल्यांदा जे भाडं ठरलं ते. युद्ध आणि फाळणीनंतरच्या त्या काळात, लोंढे शहरात येत असताना, हे पाऊल माणुसकीचंच होतं. पण तात्पुरता म्हणून आलेला कायदा मुदतवाढ घेत घेत पन्नास वर्षं चालला. महागाई कुठल्या कुठे गेली आणि भाडं तिथेच राहिलं. चाळीच्या मालकाला महिन्याला मिळणाऱ्या रकमेत एका नळाची दुरुस्ती होईना. त्यानं दुरुस्ती सोडून दिली, इमारती खचल्या, आणि १९६९ मध्ये राज्याला उपकर लावून दुरुस्ती मंडळ काढावं लागलं. दक्षिण आणि मध्य मुंबईतल्या १९ हजारांहून अधिक इमारती त्या उपकराखाली आल्या. भाडेकरूचं भाडं वाचलं, पण डोक्यावरचं छप्पर दर पावसाळ्यात धोक्यात आलं.

मालकांनी मग पळवाट शोधली. भाडेकरार करायचाच नाही, लिव्ह अँड लायसन्स करायचं. म्हणजे जागा वापरायची फक्त परवानगी, त्यात भाडेकरूचा हक्क नाही. १९७३ मध्ये कायदा बदलला आणि १ फेब्रुवारी १९७३ ला चालू करारावर जागेत असलेले लायसन्सधारक भाडेकरू मानले गेले. त्या लोकांना संरक्षण मिळालं हे खरं. पण ज्यांनी त्या तारखेआधी विश्वासानं घर दिलं होतं त्या मालकांच्या घरात ही घटना दोन पिढ्या सांगितली गेली, अजूनही सांगितली जाते. कायदा नंतर पार बदलला तरी कुलपं उघडली नाहीत, याचं मोठं कारण मला हे वाटतं.

पागडी हा याच काळाचा आणखी एक धडा आहे. महिन्याचं भाडं कायद्यानं नाममात्र झालं, पण जागेची खरी किंमत कुठे नाहीशी होणार? ती पागडीत, म्हणजे जागा घेताना द्यायच्या एकरकमी पैशात, गेली. जागा मिळायची ती ज्याच्याकडे रोख होती त्याला. १९९९ च्या कायद्यानं पागडीला कायदेशीर मान्यता दिली, कारण ती रोखता आली नव्हती. भाड्यावर कडक मर्यादा मागणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगतो: मासिक रकमेवर मर्यादा घातली की भार डिपॉझिट, पागडी, ब्रोकर आणि ओळखीपाळखी यांच्यावर सरकतो, आणि शहरात नव्यानं आलेल्या माणसाकडे यातलं काहीच नसतं.

डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात, भाडं असं गोठवून ठेवणं काळाच्या ओघात अवाजवी आणि मनमानी झालं आहे, असं स्पष्ट म्हटलं. मग महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात संरक्षित भाडेकरूंसाठी वर्षाला चार टक्के भाडेवाढ मान्य झाली. तुमच्यासाठी महत्त्वाचं ते कलम २४. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपली की घर परत मागायचा मालकाचा हक्क पक्का. घर सोडलं नाही तर दुप्पट दरानं भरपाई. प्रकरण दिवाणी न्यायालयात वर्षानुवर्षं न रेंगाळता याच कामासाठी नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्यासमोर संक्षिप्त पद्धतीनं चालतं, आणि तिथे बचावासाठीही आधी परवानगी मागावी लागते.

म्हणजे तुमच्या मित्राचं म्हणणं इतिहासापुरतं बरोबर आहे, आजच्यापुरतं नाही. आज महाराष्ट्रात नव्यानं घर भाड्यानं घेणारा बहुतेक प्रत्येक माणूस लायसन्सधारक आहे. त्याच्या हातात मुदतीपुरता कागद आहे आणि मुदत संपल्यावर काहीही नाही. एका टोकाला पिढ्यान्पिढ्या न हलणारा पागडीचा भाडेकरू, दुसऱ्या टोकाला अकरा महिन्यांचा पाहुणा. मधलं काही आपण बनवलंच नाही.

बाहेरच्या शहरांचे अनुभवही हीच रेघ दाखवतात. सॅन फ्रान्सिस्कोत १९९४ मध्ये १९८० पूर्वीच्या छोट्या इमारतींनाही भाडेनियंत्रण लागू झालं. स्टॅनफर्डच्या अर्थतज्ज्ञांनी त्याचा बारकाईनं अभ्यास केला, तो २०१९ मध्ये छापून आला. ज्यांना संरक्षण मिळालं ती माणसं आपल्या पत्त्यावर टिकण्याचं प्रमाण ठळकपणे वाढलं. त्याच वेळी नियंत्रणाखाली आलेल्या मालकांनी भाड्याची घरं १५ टक्क्यांनी कमी केली, कुणी विकली, कुणी पाडून नवी बांधली, आणि शहरभरातली भाडी सुमारे पाच टक्के वाढली. आत असलेल्याला लाभ, बाहेर असलेल्याला भुर्दंड. या निष्कर्षाचा पहिला भाग विसरून फक्त दुसरा सांगायची पद्धत आहे, ती मला पटत नाही. टिकून राहणं ही मुलांच्या शाळेसाठी, म्हाताऱ्या आईवडिलांच्या औषधपाण्यासाठी, नोकरीसाठी फार मोठी गोष्ट आहे.

गुंतवणूकदारांवर थेट बंदी घालून पाहिली ती नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमनं. २०२२ पासून ठरावीक वस्त्यांमध्ये घर विकत घेऊन भाड्यानं द्यायला मनाई झाली. अभ्यासात आढळलं की पहिल्यांदा घर घेणाऱ्यांचं प्रमाण वाढलं, घरांच्या किमतींवर लक्षात येण्यासारखा परिणाम झाला नाही, आणि भाडी मात्र चारेक टक्के वाढली. त्या वस्त्यांत मालक म्हणून आलेली कुटुंबं आधीच्या भाडेकरूंपेक्षा सधन होती. तुमच्या इमारतीत उद्या असा नियम आला, तर तुमच्या फ्लॅटमध्ये एखादं चांगल्या पगाराचं कुटुंब मालक म्हणून येईल आणि तुम्ही आणखी लांबच्या उपनगरात भाड्याचं घर शोधाल. गुंतवणूकदारांवर सरसकट बंदीची मागणी करताना हे लक्षात ठेवायला हवं.

जर्मनीचं उदाहरण मला जास्त शिकवणारं वाटतं. तिथे जवळपास निम्मी कुटुंबं भाड्यानं राहतात, त्यात डॉक्टर-प्राध्यापकही आले. करार साधारणपणे बेमुदत असतो. स्वतःला राहायला हवंय किंवा भाडं थकलंय, अशा कायद्यात बसणाऱ्या कारणाशिवाय मालक घर रिकामं करायला सांगू शकत नाही. चालू करारात भाडं वाढतं, पण तीन वर्षांत २० टक्क्यांपलीकडे नाही, आणि टंचाईच्या भागांत १५ टक्क्यांपलीकडे नाही. बर्लिननं यापुढे जाऊन २०२० मध्ये भाडी सरळ गोठवली. त्या नियमाखाली येणारी, भाड्यासाठी जाहिरातीत दिसणारी घरं झपाट्यानं कमी झाली, आणि एप्रिल २०२१ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयानं तो कायदा अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर रद्द केला. बर्लिनमध्ये टंचाई आहेच. टिकून राहण्याच्या हक्कानं नवी घरं उगवत नाहीत. पण भाडेकरू असणं म्हणजे आयुष्य पुढे ढकलणं, ही भावना तिथे इतकी खोल नाही.

आता माझा मुख्य मुद्दा. माझ्याकडे भाडेकरू म्हणून येणारी मंडळी घर विकत घेण्याचं कारण क्वचितच ‘गुंतवणूक’ सांगतात. ती सांगतात, मुलगी आठवीत आहे, आता शाळा बदलायची नाही. मालकाचा मुलगा परत येतोय म्हणून दोन महिन्यांत निघायला सांगितलं. सोसायटीत नव्या भाडेकरूला नावं ठेवतात. एकटी राहणाऱ्या बाईला, अविवाहित मुलांना, मुस्लिम कुटुंबाला, मांसाहार करणाऱ्याला दारातूनच नकार मिळतो आणि दर अकरा महिन्यांनी तो अपमान नव्यानं सोसावा लागतो. या सगळ्यापासून सुटण्याचा एकच रस्ता समोर दिसतो: काहीही करून स्वतःचं घर. म्हणून २५,००० भाडं देणारं कुटुंब ७०,००० चा हप्ता अंगावर घेतं. ते वरचे ४५,००० छपरासाठी नसतात, कुणी हाकलणार नाही या खात्रीसाठी असतात. आणि अशी लाखो कुटुंबं कुठल्याही भावाला रांगेत उभी राहणार हे ठाऊक असल्यामुळेच गुंतवणूकदार निर्धास्तपणे घर अडवून बसतो. टिकून राहण्याची खात्री भाड्याच्या घरातच मिळाली, तर या रांगेतली बरीच माणसं घाई सोडतील. भाव पडतील असं मी म्हणत नाही, पण आज भीतीमुळे दिली जाणारी किंमत कमी होईल.

हे सगळं परिस्थितीवरही अवलंबून आहे. मुंबई बेटावर जमीनच मर्यादित आहे. तिथे कायदा कितीही चांगला केला तरी किमतीचा मोठा भाग जमिनीचा राहणार. पुण्याच्या किंवा वसई-विरारच्या कडेला बंद दिसणारे सगळेच फ्लॅट गुंतवणूकदाराच्या हट्टामुळे बंद नाहीत. कुठे भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारतीत राहायची अधिकृत परवानगी, नाही, कुठे बारा महिने टँकर, कुठे स्टेशनला जायला बस नाही. अशा घरांवर कर लावून ती भाड्यानं जाणार नाहीत. तिथे पाणी आणि रस्ता न्यावा लागेल. आणि ज्या शहरात नवी घरंच पुरेशी होत नाहीत, तिथे हक्कांचा कुठलाही कायदा फक्त घर कुणाला मिळेल ते ठरवतो, किती जणांना मिळेल ते नाही.

तरी कायद्यात काय बदलावं असं विचाराल तर माझा क्रम ठरलेला आहे. सगळ्यात आधी भांडणाचा निकाल वेळेत लागला पाहिजे, दोन्ही बाजूंसाठी. आजची संक्षिप्त पद्धत मालकाला घर परत मिळवून देण्यासाठी आहे. डिपॉझिट बुडवलेल्या भाडेकरूला तितका जवळचा दरवाजा नाही. केंद्रानं जून २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात भाडे प्राधिकरण, भाडे न्यायालय आणि निवासी घरासाठी जास्तीत जास्त दोन महिन्यांचं डिपॉझिट अशा तरतुदी आहेत. पण तो राज्यांसाठी नमुना आहे, आणि महाराष्ट्रात आजही १९९९ चाच कायदा चालतो.

त्यानंतर मी मागेन ती लांब मुदत: नियमित भाडं भरणाऱ्याला किमान तीन वर्षं, मालकाला स्वतःला घर हवं असेल तर पुरेशी नोटीस, आणि त्या काळातली भाडेवाढ आधी लिहून ठेवलेली. दोन भाडेकरूंच्या मधे भाडं बाजारभावावर सोडावं, म्हणजे मालकाला १९४७ परत आल्यासारखं वाटणार नाही. रिकाम्या घराचा प्रश्न त्यानंतरचा. आयकरात सध्या स्वतःसाठी ठेवलेल्या दोन घरांपर्यंत भाड्याचं उत्पन्न गृहीत धरलं जात नाही. तिसऱ्या घरापासून, ते बंद असलं तरी, गृहीत भाड्यावर कर आहे. कॅनडातल्या व्हँकुव्हरनं २०१७ पासून रिकाम्या घरांवर वेगळा कर लावला. आपल्याकडे आधी मालकाची भीती घालवावी, मग कर लावावा. भीती तशीच ठेवून कर लावला, तर मालक घर नातेवाइकाच्या नावावर ‘राहतं’ दाखवेल, एवढंच.

इथवर कायद्याचं झालं. तो बदलेपर्यंत तुम्ही काय करायचं, ते सांगतो, कारण तुमच्या हातात आज बरंच काही आहे जे तुम्ही वापरत नाही.

अकरा महिन्यांचा हट्ट महाराष्ट्रात निरर्थक आहे. वर्षाहून कमी मुदतीच्या करारांना नोंदणी लागत नाही, या देशभरच्या नियमातून ही सवय आली. आपल्याकडे १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदवलेला हवाच, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. लिव्ह अँड लायसन्स ६० महिन्यांपर्यंतचं करता येतं. खर्चही कमी पडतो. २५,००० भाडं आणि एक लाख डिपॉझिट धरलं, तर तीन वर्षांच्या करारावर पाव टक्क्यानं मुद्रांक शुल्क सुमारे २,३०० रुपये आणि नोंदणी १,००० रुपये. तेच अकरा-अकरा महिन्यांचे तीन करार केले तर एकूण पाच हजारांच्या वर जातात, शिवाय दर वेळचे एजंटचे पैसे वेगळे.

मुदत लांब घेतली पण करारात ‘एक महिन्याच्या नोटिशीनं कुणीही करार संपवू शकतो’ असं वाक्य राहिलं, तर काही उपयोग नाही. लॉक-इन, म्हणजे ठरावीक काळ करार मोडता येणार नाही ही अट, दोन्ही बाजूंना लागू होईल असं लिहून घ्या. छापील मसुद्यात तो बहुतेक वेळा फक्त भाडेकरूवर असतो. दर वर्षीची वाढ आकड्यात लिहा. डिपॉझिट कधी परत मिळेल आणि त्यातून काय वजा होईल तेही लिहा. सोसायटी ‘परवानगी’ मागत असेल तर सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नमुना नियमांप्रमाणे) मालकानं फक्त कळवायचं असतं, परवानगी लागत नाही. घर भाड्यानं दिलं म्हणून मालकाकडून घ्यायचं बिनभोगवटा शुल्कही सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. ही गोष्ट मालकाच्या लक्षात आणून दिलीत, तर भाडं ठरवताना तुमचीच बाजू बळकट होते.

आणि विक्रीचं. इथे तुम्ही खरोखर उघड्यावर आहात. भाडेपट्टा असता तर घर विकल्यावरही तो नव्या मालकावर बंधनकारक राहिला असता. लायसन्सचं तसं नाही: १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याच्या कलम ५९ प्रमाणे जागा दुसऱ्याकडे गेली की नवा मालक जुन्या लायसन्सला आपोआप बांधील नसतो. तुमचा करार चालू असला तरीही. म्हणून पुढच्या प्रत्येक करारात हे कलम घाला, की विक्री झाल्यास मालक खरेदीखतात चालू लायसन्स मान्य करून घेईल, आणि न घेतल्यास तुम्हाला ठरावीक महिन्यांची नोटीस आणि ठरावीक भरपाई देईल. आताच्या करारात ते नाही असं तुम्ही लिहिलंय. पण मुदत अजून शिल्लक आहे, आणि मुदत संपल्यावरही घर परत घेण्याचा रस्ता सक्षम प्राधिकाऱ्याकडूनच जातो, कुलूप बदलून नाही. मुदत संपल्यावर मात्र अडून राहू नका. दुप्पट भरपाई अंगावर येईल, आणि पुढच्या भाडेकरूसमोरचं एक कुलूप आणखी घट्ट होईल.

या आठवड्यात मालकाला एकच गोष्ट विचारा: घ्यायला येणारी माणसं राहण्यासाठी बघताहेत की गुंतवणूक म्हणून? गुंतवणूक म्हणून घेणारा कुणी असेल, तर त्याला वेळेवर भाडं देणारं, आधीच राहत असलेलं कुटुंब हवंच असतं. त्याचा रिकामा महिना आणि ब्रोकरचा खर्च वाचतो. तुमच्या मागच्या दोन-तीन वर्षांच्या भाड्याच्या बँक नोंदी काढून ठेवा, मालकामार्फत त्याच्यापर्यंत पोहोचवा, आणि खरेदीखत होईल त्याच दिवशी त्याच्या नावानं छत्तीस महिन्यांचं नवं लायसन्स नोंदवायची तयारी दाखवा. राहण्यासाठी घेणारं कुटुंब असेल, तर मालकाकडून निघण्याची तारीख आणि डिपॉझिट परत करण्याची तारीख आत्ताच लेखी घ्या, आणि ती शाळेचं वर्ष संपल्यानंतरची असावी असा आग्रह धरा.